ऑफिसची फाइल घरी नेताना कुलूप आपोआप लागायला हवं. पण किल्ली कुणाकडे? समजून घ्या

धान खरेदीची नोंदणी असो, राइस मिलचा हिशोब असो की शाळेचा निकाल. अर्धं काम ऑफिसात आणि अर्धं घरी होतं. मधल्या प्रवासात लोकांची कागदपत्रं उघडी फिरतात. यावर उपाय आहे, तो जवळपास फुकट आहे आणि एकदा बसवला की रोज आठवण ठेवावी लागत नाही.

गोंदिया : धान खरेदीचा हंगाम सुरू झाला की जिल्ह्यात दोन गोष्टी फिरू लागतात. पहिली सगळ्यांना दिसते, ती म्हणजे धानाची पोती. दुसरी कुणाच्या नजरेत येत नाही, ती म्हणजे शेतकऱ्यांच्या कागदांच्या फाइल्स. आधार कार्ड, सातबारा, बँक पासबुकाचं पहिलं पान, मोबाइल नंबर. केंद्रावर दिवसा गर्दी असते, पोर्टल संथ चालतं, मध्येच वीज जाते. मग उरलेली नोंदणी रात्री घरी बसून पूर्ण केली जाते. त्यासाठी फाइल्स पेनड्राइव्हमध्ये घेतल्या जातात, स्वतःच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर टाकल्या जातात किंवा घरच्या जीमेलवर पाठवल्या जातात.

पोत्यांचा हिशोब काटेकोर असतो. वजन होतं, पावती फाटते, बारदाना मोजला जातो. फाइल्सचा हिशोब मात्र कुणी ठेवत नाही. किती प्रती झाल्या, त्या कुठे राहिल्या, काम झाल्यावर पुसल्या का, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही.

हे फक्त खरेदी केंद्रापुरतं नाही. मिलचा मुनीम भरडाईचा हिशोब घरी नेतो. कर सल्लागार ग्राहकांची विवरणपत्रं रविवारी घरी भरतो. शिक्षक विद्यार्थ्यांची माहिती घरच्या लॅपटॉपवर टाकतो. गोंदियात राहून देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावला अपडाऊन करणाऱ्यांच्या बॅगेत डबा, पाण्याची बाटली आणि पेनड्राइव्ह हे ठरलेलंच.

घरी काम नेऊ नका, असा उपदेश करून हे थांबणार नाही. म्हणून प्रश्न वेगळा विचारायला हवा. फाइल जाणारच असेल, तर ती कुलूपबंद कशी जाईल? आणि ते कुलूप लावण्याची आठवण रोज कुणी ठेवायची?

‘पासवर्ड टाकत जा’ एवढं पुरेसं का नाही?

दोन देशांतल्या दोन घटना पाहू.

पहिली ब्रिटनमधली, २००७ ची. तिथल्या महसूल आणि सीमाशुल्क विभागाने मुलांसाठीच्या भत्त्याची माहिती दोन सीडींवर टाकून लेखापरीक्षण कार्यालयाकडे पाठवली. सीडी पोहोचल्याच नाहीत. त्यात सुमारे अडीच कोटी लोकांची नावं, पत्ते, जन्मतारखा आणि बँक खात्यांचे तपशील होते. सीडींना पासवर्ड होता, पण माहिती एन्क्रिप्ट केलेली नव्हती. म्हणजे दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अर्थमंत्र्यांना संसदेत ही कबुली द्यावी लागली आणि विभागाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला.

दुसरी घटना जपानमधल्या अमागासाकी शहरातली, जून २०२२ ची. नगरपालिकेचं काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या एका कर्मचाऱ्याने सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांची माहिती पेनड्राइव्हमध्ये घेतली. कोविड काळातल्या मदतनिधीचं काम होतं. काम संपल्यावर तो सहकाऱ्यांसोबत दारू प्यायला गेला, रस्त्यात झोपला आणि जाग आली तेव्हा बॅग गायब होती. बॅग काही दिवसांनी सापडली. मात्र इथे एक मोठा फरक होता. पेनड्राइव्हमधली माहिती एन्क्रिप्ट केलेली होती. शहराची नाचक्की झाली, पण लोकांची माहिती फुटल्याचं आढळलं नाही. गंमत म्हणजे खुलासा करायला बसलेल्या अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत पासवर्ड किती अक्षरांचा आहे हेही सांगून टाकलं!

दोन्ही ठिकाणी माणूस चुकला. चूक होणारच होती, आज ना उद्या. फरक एवढाच की एका ठिकाणी चुकीआधी कुलूप लागलेलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हतं. दिवसभर केंद्रावर ओरडाओरड ऐकून थकलेला ऑपरेटर संध्याकाळी प्रत्येक फाइलला आठवणीने पासवर्ड लावेल, अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे व्यवस्था नशिबावर सोडणं. चार दिवस तो लावेल. पाचव्या दिवशी शेवटची बस पकडायची असेल.

आपोआप कुलूप तुम्ही रोज पाहताच

ही कल्पना नवीन वाटत असेल तर ई-आधारची पीडीएफ आठवा. ती डाउनलोड केली की कुलूपबंदच येते. तुम्ही काही केलेलं नसतं, यंत्रणेनेच कुलूप लावलेलं असतं. म्हणून ते कधी विसरलं जात नाही.

पण त्याच पीडीएफची दुसरी बाजूही पाहा. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. हा नियम सगळ्यांना माहीत आहे. नाव आणि जन्मसाल ज्याला माहीत, त्याच्याकडे किल्ली आहेच. शिवाय झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढण्यासाठी फाइल उघडली, की तिची बिनकुलपाची प्रत जतन करता येते आणि पुढे तीच फिरत राहते.

यातून दोन धडे मिळतात. कुलूप यंत्राने लावलं तर ते लागतंच. पण किल्ली कुठे आहे याचा विचार केला नाही, तर लागलेलं कुलूपही शोभेचं ठरतं. या लेखाचा सगळा मुद्दा या दोन वाक्यांत आहे.

व्हॉट्सअ‍ॅप तर आधीच सुरक्षित आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. म्हणजे तुमच्या फोनवरून समोरच्या फोनपर्यंत जाताना मधल्या कुणाला फाइल वाचता येत नाही. हे खरं आहे.

पण हे संरक्षण वाटेतलं आहे. दोन्ही टोकांना फाइल उघडी पडते. ती फोनच्या गॅलरीत जाते, ऑटो डाउनलोड सुरू असेल तर ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये जाते. फोन दुरुस्तीला दिला तर दुकानदाराच्या हाती जाते. चॅटच्या बॅकअपला वेगळं एन्क्रिप्शन लावण्याची सोय २०२१ मध्ये आली, पण ती आपण स्वतः सुरू करावी लागते. व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे बंद गाडीतून नेलेलं धान. गाडी सुरक्षित, पण उतरवल्यावर ते उघड्यावरच पडणार असेल तर पावसात भिजणारच. फाइलला तिचं स्वतःचं कुलूप हवं. ती कुठेही पडली तरी बंद राहील असं.

मग यंत्राला किल्ली द्यायची का? इथेच खरी मेख आहे

कुलूप आपोआप लावायचं तर कॉम्प्युटरला पासवर्ड माहीत हवा. म्हणून अनेक जण एक छोटी स्क्रिप्ट लिहितात आणि त्यातच पासवर्ड लिहून ठेवतात. स्क्रिप्ट रोज चालते, फाइल्स बंद होतात, सगळं छान वाटतं. पण तो कॉम्प्युटर ज्याच्या हाती लागला त्याला कुलूप आणि किल्ली दोन्ही एकाच जागी मिळाली. दाराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखं हे झालं.

यावरचं उत्तर जवळपास पन्नास वर्षांपूर्वी सापडलं आहे. १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन संशोधकांनी एक कल्पना मांडली. बंद करण्याची किल्ली वेगळी आणि उघडण्याची किल्ली वेगळी ठेवली तर?

आपल्याकडे याचं चपखल उदाहरण आहे, मंदिरातली दानपेटी. फटीतून पैसे कुणीही टाकू शकतो, त्यासाठी किल्ली लागत नाही. पण आत गेलेले पैसे टाकणाऱ्यालाही परत काढता येत नाहीत. पेटी फक्त विश्वस्तच उघडतात. ही फट म्हणजे पब्लिक की. ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर राजरोस ठेवा, चोरीला गेली तरी बिघडत नाही. विश्वस्तांकडची किल्ली म्हणजे प्रायव्हेट की. ती फक्त जिथे फाइल उघडायची आहे तिथे.

ऑफिसचा कॉम्प्युटर रोज संध्याकाळी तुमच्या घरच्या पब्लिक कीने फाइल बंद करतो. प्रवासासाठी बंद केलेली ती प्रत त्याला स्वतःलाही उघडता येत नाही. ऑफिसात पासवर्ड लिहून ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. परत येताना उलट. घरचा लॅपटॉप ऑफिसच्या पब्लिक कीने फाइल बंद करतो, ती ऑफिसातच उघडते.

हे करणारं जीएनयूपीजी नावाचं सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याची पहिली पक्की आवृत्ती १९९९ मध्ये आली, म्हणजे ज्या वर्षी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला त्याच वर्षी. जिल्ह्याच्या वयाचं हे साधन आहे. तरी आपल्या कार्यालयांमध्ये त्याचं नाव क्वचितच ऐकू येतं.

प्रत्यक्षात कसं बसवायचं?

एखाद्या खरेदी केंद्राचा किंवा मिलचा विंडोज कॉम्प्युटर आणि ऑपरेटरचा घरचा लॅपटॉप, एवढं समोर धरू. पायऱ्या अशा :

१. एकच दार ठेवा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ‘घरी न्यायचं’ नावाचा एक फोल्डर करा. घरी न्यायची फाइल फक्त यातूनच जाईल, दुसरी वाट नाही. हा नियम तंत्रज्ञानाचा नाही, शिस्तीचा आहे. तो पाळला नाही तर पुढचं सगळं वाया.

२. दिवसाची एक थैली. संध्याकाळी ठरलेल्या वेळी त्या फोल्डरमधलं सगळं एका फाइलमध्ये बांधलं जाईल आणि तिला फक्त तारखेचं नाव मिळेल. हे महत्त्वाचं आहे. कारण आतला मजकूर बंद असला तरी फाइलचं नाव बाहेरून दिसतं. नावातच शेतकऱ्याचं नाव आणि गाव लिहिलेलं असेल तर अर्धी माहिती बाहेर गेलीच.

३. कुलूप. ती थैली घरच्या पब्लिक कीने बंद होईल. विंडोजमध्ये टास्क शेड्युलर नावाची सोय आधीपासूनच असते. रोज साडेपाचला हे काम कर, असं तिला एकदा सांगितलं की झालं. लिनक्सवर हेच काम क्रॉन करतो. स्क्रिप्ट दहा-पंधरा ओळींची असते. कॉम्प्युटर शिकलेला कुठलाही मुलगा किंवा मुलगी ती अर्ध्या दिवसात बसवून देईल.

४. वाहतूक. आता थैली बंद आहे, त्यामुळे ती कशाने नेता याचं महत्त्व कमी झालं. आरक्लोनसारखं मोफत साधन ती आपोआप क्लाउडवर चढवतं. सिंकथिंग नावाचं साधन मधल्या कुठल्याही क्लाउडवर न साठवता थेट एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेतं. नेट नसलंच तर पेनड्राइव्ह आहे. हरवला तर नुकसान पेनड्राइव्हच्या किमतीएवढं.

५. घरी उघडणं. लॅपटॉपवर प्रायव्हेट की असेल आणि तिलाही पासफ्रेज असेल. चार-पाच असंबद्ध शब्दांचं, लांबलचक आणि फक्त तुम्हाला आठवेल असं. उघडण्याचं काम आपोआप करू नका. बंद करणं यंत्राने, उघडणं माणसाने.

६. आवराआवर. काम झाल्यावर घरची उघडी प्रत पुसायची, रिसायकल बिनसह. घरच्या लॅपटॉपवर मुलंही बसतात, गेमही डाउनलोड होतात. काही दिवस फाइल ठेवावीच लागणार असेल तर क्रिप्टोमेटरसारखी कुलूपबंद तिजोरी करून त्यात ठेवा. कॉम्प्युटरवर ते मोफत आहे.

एवढं जमत नसेल तर किमान सेव्हन-झिप वापरा. पण झिप बनवताना एन्क्रिप्शनच्या पर्यायात एईएस-२५६ निवडा. झिपची जुनी पद्धत कमकुवत आहे. ‘सेव्हन-झेड’ प्रकार निवडला तर फाइलची नावंही लपवता येतात. आणि पासवर्ड त्याच व्हॉट्सअ‍ॅप चॅटमध्ये पाठवू नका, फोन करून सांगा.

नेट गेलं तर? वीज गेली तर?

सालेकसा किंवा देवरीच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्याला हा पहिला प्रश्न पडेल आणि तो रास्त आहे. सिंकथिंग फाइलचे छोटे तुकडे करून पाठवतं. मध्येच नेट गेलं तर पोहोचलेले तुकडे पुन्हा पाठवावे लागत नाहीत. आरक्लोनला ठरावीक वेळाने पुन्हा प्रयत्न करायला सांगता येतं.

सिंकथिंगची एक अडचण मात्र आधीच सांगायला हवी. त्यासाठी दोन्ही कॉम्प्युटर एकाच वेळी सुरू असावे लागतात. ऑफिसचा कॉम्प्युटर सहाला बंद होतो आणि घरचा आठला सुरू होतो, तर दोघांची भेटच होत नाही. अशा ठिकाणी क्लाउडची वाट बरी. ऑफिसने संध्याकाळी चढवायचं, घरच्याने रात्री उतरवायचं.

कागदांचा आकारही आवाक्यात ठेवता येतो. मोबाइलने काढलेला पासबुकाचा फोटो मोठा असतो, तोच कृष्णधवल स्कॅन केला तर बराच लहान होतो. आणि जिथे पूर्ण आधार क्रमांकाची गरज नाही तिथे मास्क्ड आधार घ्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. जी माहिती गोळाच केली नाही ती हरवतही नाही.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

स्वयंचलित व्यवस्था चुकाही स्वयंचलितपणे पसरवते. ऑफिसात एखादी फाइल चुकून पुसली तर सिंक करणारं साधन ती घरूनही पुसून टाकू शकतं. रॅन्समवेअर शिरलं तर खराब झालेल्या फाइल्सच इमानदारीने घरी पोहोचतील.

हा धोका मोठ्या शहरांपुरता मर्यादित नाही. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या, म्हणजे एमआयडीसीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि राज्यभरातल्या कार्यालयांच्या कामाला फटका बसला. त्याआधी जून २०१७ मध्ये एका जागतिक सायबर हल्ल्यामुळे मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम विस्कळीत झालं होतं. हल्ला कुठे दूर सुरू झाला, पण जोडलेल्या यंत्रणांमधून तो इथवर आला.

म्हणून आठवड्यातून एकदा एक वेगळी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती कॉम्प्युटरपासून काढून कपाटात ठेवा. आणि महिन्यातून एकदा ती खरंच उघडते का हे पाहा. न तपासलेला बॅकअप हा फक्त समज असतो.

चार्ज देताना किल्लीही द्या

आता किल्लीकडे येऊ. या प्रकारच्या एन्क्रिप्शनमध्ये ‘फरगॉट पासवर्ड’ नावाचं बटण नसतं. प्रायव्हेट की हरवली तर फाइल कायमची गेली. कंपनीला फोन करून उपयोग नाही, पोलिसांनाही उघडता येणार नाही. कुलूप मजबूत असण्याची ही किंमत आहे.

खरेदी हंगामाच्या मध्यावर ऑपरेटर काम सोडून गेला, आजारी पडला, मिलच्या मुनिमाचं मालकाशी बिनसलं, तर काय? किल्ली फक्त त्याच्याकडे असेल तर संस्था आपल्याच फाइल्सच्या बाहेर उभी राहील. उलट पाच जणांना वाटून टाकली तर तिला किल्ली म्हणण्यात अर्थ नाही.

माझ्या मते उत्तर आपल्या कार्यालयीन परंपरेतच आहे. बदली झाली की चार्ज दिला जातो. कपाटाच्या चाव्या, शिक्के, रजिस्टर, सगळ्याची यादी होते आणि दोन सह्या होतात. त्या यादीत एक ओळ वाढवा : एन्क्रिप्शनची किल्ली. किल्ली माणसाची नसून पदाची असावी. तिची एक प्रत सीलबंद पाकिटात, पेनड्राइव्ह आणि पासफ्रेजसह, संस्थेच्या तिजोरीत ठेवावी. पाकिटावर सचिवाची सही हवी. पाकीट फोडलं तर त्याची नोंद व्हावी. ऑपरेटर बदलला की नवी किल्ली तयार करावी आणि जुन्या फाइल्स नव्या किल्लीने पुन्हा बंद कराव्यात. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते कुणाचं, हे आधी कागदावर लिहिलेलं असायला हवं.

दानपेटीचा आणखी एक गुण लक्षात ठेवा. फटीतून नाण्याऐवजी खडाही टाकता येतो. पब्लिक की कुणाकडेही असू शकते, त्यामुळे तुमच्या नावाने बंद केलेली प्रत्येक फाइल तुमच्याच ऑफिसातून आली असं नाही. म्हणून जीएनयूपीजीमध्ये डिजिटल सहीची सोय आहे. सहीची किल्ली वेगळी असते आणि ती पाठवणाऱ्या कॉम्प्युटरवर ठेवावी लागते. ती चोरीला गेली तर खोटी सही होऊ शकते, पण बंद केलेल्या थैल्या उघडत नाहीत. घरी फाइल उघडताना सही जुळली का, हे एकदा पाहायचं.

सरकारी कर्मचाऱ्यांनी हे करावं का?

इथे थोडं थांबायला हवं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने जून २०२२ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. गोपनीय किंवा अंतर्गत सरकारी फाइल्स गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्ससारख्या बिगरसरकारी क्लाउडवर ठेवू नयेत, असं त्यात म्हटलं आहे. कॅमस्कॅनरसारख्या बाहेरच्या अ‍ॅपवर सरकारी कागद स्कॅन करू नयेत, असंही सांगितलं आहे. त्यामुळे तलाठी, ग्रामसेवक किंवा पंचायत समितीतल्या कर्मचाऱ्याने वर दिलेली व्यवस्था वरिष्ठांना न विचारता स्वतःच्या क्लाउड खात्यावर बसवू नये. बंद थैली असली तरी नियम मोडतोच.

पण मग शासनाचीही जबाबदारी येते. ‘बाहेर ठेवू नका’ असं सांगताना ‘इथे ठेवा’ हेही सांगायला हवं, आणि ती जागा गावातल्या नेटवर चालायला हवी. रात्री काम करावंच लागतं हे साहेबांनाही माहीत असतं. वाट न देता फक्त मनाई केली की लोक चोरवाट काढतात, आणि चोरवाटेवर कुलूप नसतं.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती सांभाळणाऱ्याने घ्यायच्या खबरदारीत एन्क्रिप्शनचा उल्लेख या नियमांमध्ये स्पष्टपणे आहे. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती फुटली तर संबंधित लोकांना आणि माहिती संरक्षण मंडळाला कळवावं लागणार आहे. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी नियमांनी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंतचा वेळ.

कायदा बँक आणि मोठ्या कंपन्यांसाठीच आहे, असा समज दिसतो. तसं नाही. लोकांची माहिती डिजिटल स्वरूपात घेऊन ती कशासाठी वापरायची हे ठरवणारी सहकारी संस्था, मिल किंवा खासगी शाळा यांनाही हे प्रश्न विचारले जाऊ शकतात. ऑपरेटरकडून पेनड्राइव्ह हरवला तर तो संस्थेच्या कामासाठीच फाइल नेत होता, हे विसरता येणार नाही.

‘आमच्या गोंदियात कोण येतंय हॅक करायला?’

हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याचं उत्तर असं की हॅकरने यायची गरजच नाही. बसमध्ये राहिलेली बॅग, दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप, विकलेला जुना फोन, झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहून गेलेली पीडीएफ. माहिती अशीच जाते, आवाज न करता.

आणि त्या माहितीला किंमत आहे. एका शेतकऱ्याचा सातबारा, आधार आणि खाते क्रमांक एकत्र मिळाले तर त्याच्या नावाने अर्ज भरता येतो, खोटी नोंदणी करता येते, किंवा ‘तुमचा बोनस अडकला आहे, ओटीपी सांगा’ असा फोन लावता येतो. समोरच्याला आपलं नाव, गाव, जमिनीचा गट क्रमांक माहीत आहे म्हटल्यावर कुणाचाही विश्वास बसेल. शासनाने धानाला हेक्टरी २० हजार रुपये प्रोत्साहनपर रक्कम जाहीर केली होती, तीही दोन हेक्टरच्या मर्यादेत. लहान शेतकऱ्यासाठी ही वर्षाची मोठी रक्कम असते. ती कुणाच्या निष्काळजीपणामुळे जाऊ नये.

ज्या शेतकऱ्याची ही कागदपत्रं आहेत, त्याला कुणी विचारलेलं नसतं की तुमचा आधार माझ्या बॅगेतून घरी नेऊ का. त्याने विश्वासाने खिडकीतून कागद दिलेले असतात. तो विश्वास केंद्राच्या खिडकीपाशी संपत नाही, फाइल जिथे जाईल तिथे तो सोबत जातो.

मग कुणी काय करावं?

ऑपरेटरवर सगळं ढकलून चालणार नाही. तो पगारी माणूस आहे, अनेकदा हंगामी. ही व्यवस्था बसवण्याचं काम संस्थेच्या सचिवाचं, मिलमालकाचं, मुख्याध्यापकाचं आहे. खर्च म्हणाल तर सॉफ्टवेअर मोफत आहे, एक बाहेरची हार्ड डिस्क लागेल आणि जाणकाराचा एक दिवस. पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू होण्याआधी हे करून घेता येतं.

खरेदी यंत्रणा चालवणाऱ्या मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळानेही केंद्रांना मंजुरी देताना एक साधा प्रश्न विचारावा : शेतकऱ्यांच्या फाइल्स केंद्राबाहेर जातात का, जात असतील तर कुलूपबंद जातात का, आणि किल्ली कुणाकडे आहे? गोदाम, काटा, बारदाना तपासला जातो, त्यात ही एक तपासणी वाढली तर कुणाचं काही बिघडणार नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

- फाइल घरी न्यायलाच हवी का, हे आधी विचारा. नको असेल तर नेऊ नका.
- न्यायचीच असेल तर ती एकाच फोल्डरमधून, तारखेच्या नावाने, कुलूपबंद जाऊ द्या.
- बंद करणं यंत्रावर सोपवा, उघडणं स्वतःकडे ठेवा.
- पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. पब्लिक की वापरा.
- प्रायव्हेट कीची दुसरी प्रत सीलबंद पाकिटात ठेवा आणि चार्जच्या यादीत लिहा.
- सिंकला बॅकअप समजू नका. आठवड्याची वेगळी प्रत घ्या आणि ती उघडून पाहा.
- सरकारी फाइल असेल तर आधी परवानगी, मग व्यवस्था.